काही झालं नाही म्हणून

सहा दिवस मी जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर असतो.
भंगाराचा ट्रक भरून येतो, रिकामा होऊन परत चढतो,
दोन्ही आकडे लिहायचे, एकातून दुसरा वजा,
उरेल तो माल.
सातव्या दिवशी देवळात
दानाच्या थैलीत आलेल्या चिठ्ठ्या वाचतो.
पाळक म्हणतात, शीलासराव, आवाज खणखणीत आहे तुमचा.
तो काट्याने केलाय. भट्टीच्या गोंगाटात
ड्रायव्हरला आकडा ऐकू गेला पाहिजे.

उपकारस्तुती:
आशेर मगरे, नातू दहावी सुटला, एकावन्न रुपये.
सुवार्ता लोंढे, मळणीयंत्रातून हात वाचला, एकशे एक.
रूथबाई, म्हैस व्याली, पारडी झाली,
वीस रुपये, आणि खरवस पाळकांच्या घरी पोचला आहे.
(इथे मंडळी हसते. देवही हसत असावा.)
पेन्सिलीने, नाव नाही: जे पाठ होतं तेच आलं. ५ रु.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी
वहीच्या रेघी कागदाच्या चार घड्या,
आत दहाची नोट,
मागे कधी साबण दोन, साखर अर्धा, असा किराणा,
पुढे एकच ओळ:
काही झालं नाही म्हणून.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय.
वाचलं, पुढे गेलो.
पण सोमवारी काट्यावर क्रेनचा दोर कुरकुरला
आणि तुटला नाही.
मंगळवारी हन्नाचा ताप मोजला, उतरलेला.
बुधवारी रात्री फोन वाजला नाही.
देऊळगाव राजाच्या रस्त्याने पोरगा मोटारसायकलवर येणार होता,
साडेअकराला दारात स्टँड पडल्याचा आवाज आला,
आणि मी कूस बदलून झोपलो.
झोपलो, एवढंच.
आभार मानायचे राहूनच गेले की.

मग शोधायला लागलो, कोण ते.
'झ' जुन्या वळणाचा, वर लांब शेपूट.
प्रभुभोजनाला हात पुढे येत तेव्हा बोटं बघायचो,
शाईचा डाग कुणाच्या.
हन्ना म्हणाली, तुमची नजर आज भाकरीवर नव्हती.
तेव्हा सोडून दिलं.

सप्टेंबरात चिठ्ठी आली नाही.
थैली उलटी केली, शिवणीत बोटं घातली.
त्या महिन्यात मी कबरस्तानात दोनदा गेलो होतो,
दवाखान्यात चारदा, एका घरी नोकरी गेल्याचं ऐकून.
कुणाकडे काय झालं सगळं ठाऊक,
चिठ्ठी कुणाची ते नाही.
उपासना सुटल्यावर दारात उभा राहिलो,
बरं हाय ना, बरं हाय ना, प्रत्येकाला.
प्रत्येकजण म्हणे, प्रभूची कृपा.
या दोन शब्दांमागे
माणूस किती लपू शकतो.

ऑक्टोबरात, त्याच चार घड्या.
दहाच्या दोन नोटा.
सवयीने मोठ्यानेच सुरुवात केली:
गेल्या महिन्यात झालं.
खाली, थोडी जागा सोडून:
तरी.

भट्टीवर चालणारा आवाज
पहिल्या बाकापर्यंतही गेला नाही.
पाळकांना वाटलं, ओळ चुकली माझी.
तेवढ्यात मागून कुणीतरी आमेन म्हणालं,
लगेच दुसरं, मग दहा-बारा,
आणि त्यात ते पहिलं मिसळून गेलं.

प्रभू, मी हिशोबात कच्चा नाही.
बावीस वर्षांत एका पावतीची तक्रार नाही.
पण त्या 'तरी'तून काय वजा करायचं
आणि काय उरतं,
ते तूच लिहून ठेव.

काल शनिवार. शेवटचा ट्रक गेला,
कालवलेल्या चुन्यासारखं आभाळ, धूळ, चहा.
तसं काही झालं नाही.
काट्याच्या कोऱ्या पावतीमागे मी तेवढंच लिहिलं, नाव न घालता,
आणि किती रुपये ठेवावेत
यावर बराच वेळ अडलो.